मागच्या सीटच्या सोयीबाबत

मोठ्या माणसाच्या पाठीच्या कण्यात सव्वीस हाडे असतात. शेवटचे हाड कशासाठी आहे, हे बसेपर्यंत कळत नाही.

वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही.

रक्ताचा थेंब काचेवर पसरायला दोन सेकंद लागतात. हात स्थिर असेल तर.

बाळीवेस ते अक्कलकोट: गतिरोधक अधिकृत सात, नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने घातलेले एकोणीस.

कडक भाकरी महिनाभर टिकते. तिच्यावर कुणी बसत नाही.

वरील बाबींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असे मंडळाचे सुरुवातीला एकमताने ठरले होते.

*

शक्ती आणि सुख एकाच सीटवर बसू शकत नाहीत, हे सत्य मानवजातीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. देवांनीही वाघ, मोर, उंदीर अशी दमदार वाहने घेतली आणि शक्यतो मागे कुणाला बसवले नाही. मागे बसणारा आला की वाहनाचा विचार संपतो आणि संसाराचा सुरू होतो.

मंडळ म्हणजे बाळीवेशीतल्या चहाच्या टपरीवर सकाळी बसणारे आम्ही तिघे. सिद्धलिंग, ज्याचे चादरींचे दुकान अकराला उघडते. गुरुशांत, ज्याला यंत्रांतले सगळे कळते (त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्याचे मत निःपक्षपाती असते). आणि इतिवृत्त लिहिण्यासाठी मी.

मंडळापुढे आलेला विषय असा. सिद्धलिंगची बायको हेमावती अक्कलकोटमधल्या एका रुग्णालयात रक्त तपासते. तिथे साडेनऊच्या आत यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो. वर्षात बारा लेट मार्क झाले की एकतीस मार्चला करार वाढवण्याची शिफारस होत नाही. हा तिचा तिसरा करार होता. चौथ्यात कायम करतात, असे तिथे बोलले जाते. डिसेंबरअखेर तिचे नऊ लेट मार्क झाले होते. सात वडापमुळे, एक शेळ्यांमुळे आणि एक स्वतःच्या अंगठ्यामुळे (तो आदल्या दिवशी विळीवर कापला होता, यंत्राने ओळख दाखवली नाही).

सबब, गाडी घेण्याचे ठरले. गाडीचा हेतू इतिवृत्तात स्वच्छ नोंदवला आहे: हेमावतीला साडेनऊच्या आत, सुखरूप आणि सुखात पोचवणे.

हेतू ठरल्यावर गाडी ठरवणे सोपे असते. स्कूटरचा विचार झाला. स्कूटर ही बायकांची गाडी असल्यामुळे हेमावतीच्या कामासाठी ती अयोग्य ठरली. शंभर सीसीच्या गाडीवर दूधवाले फिरतात. मोठी रेसची गाडी घेतली तर स्वार पोटावर झोपतो आणि मागचा माणूस त्याच्या पाठीवर. हे अक्कलकोट रोडवर बरे दिसणार नाही. उरली मध्यम आकाराची क्रूझर मोटारसायकल.

क्रूझर ही सुखाची गाडी आहे, याला शोरूममधले चित्र पुरावा होते. चित्रात एक दाढीवाला मागे रेलून, पाय पुढे सोडून, रविवारच्या अंघोळीनंतरच्या चेहऱ्याने डोंगरातून चालला होता. त्याच्या मागच्या सीटवर कुणी नव्हते. मंडळाने याचा अर्थ, सीट उपलब्ध आहे, असा लावला.

*

पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. सिद्धलिंगच्या आई शांतम्मा यांनी मागच्या सीटवर तळहात दाबून पाहिला.

"सिद्धू, हे भाकरीएवढं काय रं? यावर बसायचं का शेंगा कुटायच्या?"

"अव्वा, क्रूझर हाय ती. लांबच्या पल्ल्याची."

"पल्ला लांब हाय की. सीट कुटं हाय?"

शांतम्मा साडी सावरून एका अंगाने बसायला गेल्या तेव्हा साडी चाकात जाऊ नये म्हणून असलेली जाळी जागेवर नसल्याचे आढळले. गाडीच्या रेषेला ती शोभत नसल्याने सिद्धलिंगने ती शोरूममध्येच काढून ठेवली होती. शांतम्मा सिद्धेश्वराला पायी गेल्या. (जाऊन परत आल्या तेव्हा आम्ही गाडी गल्लीच्या वळणावरून बाहेर काढत होतो. गाडी लांब आहे, गल्ली जुनी आहे.)

रस्त्यात लोक थांबवून विचारत, "किती देते?"

सिद्धलिंग म्हणे, "पॉवर देते."

ते खरे होते. हिची ओढ अशी की पाचव्या गिअरमध्ये चाळीसनेही गाडी कुरकुरत नाही. ताशी सत्तरनंतर ती जी धावते, तिला तोड नाही. फक्त सत्तरला पोचायला मोकळा रस्ता लागतो आणि दोन गतिरोधकांमधले अंतर तेवढे नाही. पहिल्या दिवशी हेमावती नऊ बाराला पोचली. मंडळाने टपरीवर पेढे वाटले.

प्रयोगशाळेत मात्र एक तांत्रिक अडचण आली. सूक्ष्मदर्शकात बघायला बसावे लागते, आणि हेमावतीला बसता येईना. उभी राहिली तर हाताची थरथर जाईना. काचेवरच्या पेशी स्वतःहून नाचू लागल्या. मोजणी पंधरा मिनिटे तहकूब करावी लागली. संध्याकाळी तिने सिद्धलिंगला एवढेच सांगितले की गाडी वेळेवर पोचली, पण ती स्वतः अजून वाटेतल्या वळसंगच्या आसपास आहे.

*

यानंतर मंडळाने जे काम केले त्याला तोड नाही. थोडक्यात:

मागे गादी बसवली. गादी चार बोटे उंच, त्यामुळे हेमावतीचे पाय खालच्या पायदानाला टेकेनात. पायदान वर घेतले. गुडघे छातीशी आले. पाठीला टेकू बसवला. टेकूमुळे चढायला पाय टाकता येईना, म्हणून आधी हेमावती चढायची, मग सिद्धलिंग, आणि उतरताना उलट क्रम (घाईत हा क्रम दोनदा चुकला). सिद्धलिंगचे खांदे भरून यायचे म्हणून हँडल उंच केले. आता हात चित्रातल्या दाढीवाल्यासारखे दिसायचे आणि दंडांवरून वारा थेट हेमावतीच्या तोंडावर यायचा. काच लावली. काचेवर वारा अडू लागला, गाडीचा वेग घटला.

वेग घटला म्हणजे शक्ती कमी पडली. गुरुशांतने मागचे दातेरी चक्र मोठे बसवायला सांगितले. गाडी सिग्नलवरून म्हशीसारखी उसळू लागली आणि साठला भुंग्यासारखी थरथरू लागली. थरथर कमी करायला मऊ शॉक बसवले. मऊ शॉकवर गाडी गतिरोधकाला पोट टेकवू लागली. पोट सांभाळायला लोखंडी गार्ड आला. गार्डाचे वजन भरून काढायला मोकळा सायलेन्सर. त्याचा आवाज एवढा, की वळसंगला हेमावतीने "हळू" म्हटलेले सिद्धलिंगला कुंभारीला ऐकू आले, परतीच्या वाटेवर.

गाडीचे वजन आता टाकी भरून दोनशे एकवीस किलो होते. मंडळाने शक्तीत वीस टक्के आणि सुखात तीस टक्के वाढ नोंदवली (दोन्ही आकडे गुरुशांतने दिले, तो मागे कधी बसला नव्हता).

हे सगळे काम मैनुद्दीन मिस्त्रीकडे झाले. मैनुद्दीनला मंडळाविषयी आदर आहे. तो प्रत्येक वेळी पाना खाली ठेवून गाडीकडे, मग सिद्धलिंगकडे बघायचा आणि म्हणायचा, "गाडी अच्छी है जी. बैठनेवाले नाजूक हैं."

गाडी त्याच्याकडे असली की हेमावती शांती चौकातून वडापने जायची. जानेवारी ते मार्च या काळात गाडी तेवीस दिवस मैनुद्दीनकडे होती. दहावा लेट मार्क पाठीच्या टेकूचा. अकरावा सायलेन्सरचा.

सुख मिळवता मिळवता लेट मार्क अकरावर गेले, तेव्हा हेमावतीने पहिल्यांदा मंडळाच्या बैठकीसमोर उभे राहून प्रश्न विचारला. टपरीवर बायका येत नाहीत, ती आली. म्हणाली, "भावजी, तुमी गाडी नीट करताय का मला घरी बसवताय?"

प्रश्न विषयपत्रिकेत नव्हता. तो पुढील बैठकीसाठी ठेवण्यात आला.

*

एकतीस मार्च. सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. ऊन अजून चाळीसला पोचायचे होते.

शिफारशीची पत्रे त्याच दिवशी निघणार होती. गाडी पूर्णपणे तयार होती. हेमावती डबा, पाण्याची बाटली आणि हेल्मेट घेऊन ओट्याखाली उभी. सिद्धलिंगने गाडी गल्लीतून मागे ओढायला घेतली. गल्लीला आतल्या बाजूला उतार आहे. दोनशे एकवीस किलो सुख उताराने आत यायला निघाले आणि सिद्धलिंगने ते कमरेने अडवले.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत आली, हे श्रेय त्याचेच. मग तो तसाच वाकलेला राहिला.

आम्ही त्याला ओट्यावर आठ पदरी चादरीवर उपडा निजवला. शांतम्मांनी मिठाची पुरचुंडी तव्यावर धरली. मैनुद्दीनला बोलावले. त्याने गाडीभोवती फेरी मारली, ब्रेक दाबले, चहाचा कप घेतला आणि निदान सांगितले: "गाडी कू कुच नै हुआ. कमर कू हुआ."

मंडळाची तातडीची बैठक जागेवरच भरली. विषय पहिला: झाला प्रकार शक्तीच्या अभावी झाला की सुखाच्या अतिरेकाने? गुरुशांतचे मत, शक्तीच्या. गाडीत मागे जायचा गिअर असता तर ही वेळ आली नसती. माझे मत, सुखाच्या. गादी, टेकू, गार्ड नसते तर वजन कमी असते. मतदान समसमान झाले. सिद्धलिंगला त्याच्या स्थितीमुळे तटस्थ धरण्यात आले.

विषय दुसरा: हेमावती.

वडापवाल्याला फोन केला. तो म्हणाला, निघालोच की, फक्त सहा माणसं कमी हायत. रिक्षाचा विचार झाला. रिक्षा चाळीस किलोमीटर जात नाही, गेली तर भाड्याचा विचार वेगळा. मग सगळ्यांनी गुरुशांतकडे पाहिले. गुरुशांतने बराच वेळ इंजिनाकडे पाहिले. त्याने मंडळाला प्रथमच कळवले की त्याचे ज्ञान सैद्धांतिक स्वरूपाचे आहे.

आठ वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती.

सिद्धलिंगला उचलताना गाडीची किल्ली मी खिशात टाकली होती. हेमावती मला म्हणाली, "किल्ली द्या."

गाडी उघड्यावर होती, गल्लीत पोरे होती. मी इतिवृत्तात नोंद केली: किल्ली सुरक्षिततेसाठी हेमावतीकडे सोपवण्यात आली.

त्यानंतर मागे जायच्या गिअरचा खर्च व शक्यता यांवर चर्चा सुरू झाली. चर्चेच्या मध्यावर गाडीचा आवाज आला, उंच झाला आणि गल्लीच्या तोंडाकडून पुढे सरकत गेला. मैनुद्दीन ट्रायल घेतोय, असे मंडळाचे मत पडले. मैनुद्दीन आमच्यासमोरच चहा पीत होता, ही बाब थोड्या वेळाने लक्षात आली.

"होदळु," शांतम्मा तव्यावरून नजर न काढता कानडीत म्हणाल्या. म्हणजे गेली. मग आम्हाला समजावे म्हणून मराठीत: "पुढं बसून गेली की. लई आरामात बसलीया."

अंगठा नऊ एकोणतीसला उमटला. यंत्राने पहिल्या दाबात ओळख दाखवली.

*

करार वाढला. मंडळाने आपल्या कामगिरीचा आढावा घेतला. शक्ती आणि सुख यांचा तोल जमेना तो फक्त मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर ही गाडी चित्रातल्यासारखीच सुखाची आहे, हा मंडळाचा महत्त्वाचा शोध. हेमावतीने काच, गादी, टेकू आणि गार्ड मैनुद्दीनकडून काढून घेतले. चक्र पुन्हा छोटे बसवले. साडीची जाळी जागेवर लावली. या कामाला एक दुपार लागली आणि मैनुद्दीन एकदाही नाजूक म्हणाला नाही.

मागच्या सीटबद्दल हेमावतीची तक्रार त्या दिवसापासून आलेली नाही. रविवारी मात्र सिद्धलिंगला मागे बसून सासुरवाडीला, मैंदर्गीला जावे लागते. सीट थोडी मऊ करता येईल का, असा त्याचा अर्ज मंडळाकडे आला आहे. गुरुशांत त्यावर अभ्यास करतो आहे.

इथवर ज्या वाचकांनी आमच्याबरोबर मागच्या सीटची जाडी, उंची आणि टेकू यांचाच मनापासून विचार केला, त्यांचे मंडळ आभारी आहे. त्यांना आजपासून मानद सदस्यत्व देण्यात येत आहे. टपरी सकाळी आठला उघडते.

गाडी घ्यायचे ठरले त्या संध्याकाळी, सिद्धलिंगच्या घरी, आम्हाला चहा देताना हेमावती म्हणाली होती, "मला गाडी येते." आम्ही दुसऱ्या दिवशी रुग्णालयात फोन करून खात्री केली, तिला न्यायला तिकडून कुठलीही गाडी येत नव्हती.