रविवारचं धुणं

आईने शेजाऱ्यांना केक खायला बोलावलंय हे फाल्कला कळलं तेव्हा टेबलावर कप मांडून झाले होते, आणि खिडकीपाशी ठेवलेल्या प्लेअरमध्ये त्याच्याच बँडची सीडी जाऊन बसली होती.

"आई, हे कॉफीबरोबर ऐकायचं संगीत नाहीये."

"लहानपणी रात्र रात्र तुझं भोकाड ऐकलंय मी. आता छापून आलंय तर का नको?"

जर्मनीतल्या आमच्या केम्निट्झच्या भिंतींवर फाल्क ब्रेटश्नायडरची पोस्टरं लागली होती. तोंडाला काजळी, गळ्यात साखळदंड, डोळे असे की समोरच्याने रस्ता बदलावा. प्रत्यक्षात तो आईकडे राहायचा आणि दारात पाय पुसल्याशिवाय आत यायचा नाही. 'रोस्टकामर', म्हणजे गंजाची खोली, हा त्याचा बँड. जर्मन भाषेत गाणारा, लोखंड बडवणारा. 'राख' हा त्यांचा पहिला अल्बम, आणि त्यातलं पहिलंच गाणं 'भट्टीचा शेवटचा श्वास'. सुरुवातीला जो कानठळ्या बसवणारा खणखणाट आहे, तो म्हणे गावातला पोलाद कारखाना बंद पडला त्या दिवशी आत शिरून टिपलेला. कव्हरवर तसं छापलंच होतं.

साफ थाप. कारखाना पाडून तिथे कधीच मोकळं मैदान झालं होतं. पण "खरा आवाज मी आणतो, तुम्ही फक्त बघा," अशी बढाई फाल्कने बँडपुढे मारून ठेवली होती. मग एके दिवशी त्याने आजोबांच्या पेटीतले नट-बोल्ट आणि एक हातोडीचं डोकं आईच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकलं, माइक लावला आणि बटण दाबलं. दिवस निवडला रविवारचा. एक तर आई मावशीकडे गेलेली, आणि रविवार म्हणजे सक्तीच्या शांततेचा दिवस, आमच्या इमारतीत कोणी साधा खिळाही ठोकत नाही, त्यामुळे टेपवर दुसरा आवाज येण्याची भीती नाही. हिशोब अगदी चोख होता.

आमच्याकडे माणूस दारू पिऊन जिन्यात झोपला तरी त्याच्यावर पांघरूण घालतात, पण रविवारी मशीन लावणाऱ्याला माफी नाही. त्या संध्याकाळी सगळी इमारत जिन्यात जमली. इमारतीच्या शिस्तीचा मक्ता फाल्कच्या आईकडे, रोझविताबाईंकडे. त्यांनी चौकशी केली आणि संशय गेला तो तिसऱ्या मजल्यावरच्या केर्स्टनसाहेबांवर. ट्राम चालवून निवृत्त झालेला एकटा माणूस. ते लालबुंद झाले आणि काहीच बोलले नाहीत. झालं, गुन्हा शाबीत. त्या दिवसापासून रोझविताबाईंनी त्यांना नमस्कार करणं सोडलं. फाल्क रोज ठरवायचा, उद्या सांगू. जिन्यात केर्स्टनसाहेब दिसले की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. स्वतःची लाज वाटायची, पण तोंड काही उघडायचं नाही.

"केर्स्टनसाहेबांनाही बोलावलंय," आई सुरी पुसत म्हणाली. "मुलाची पहिली सीडी निघालीय, म्हटलं मोठ्या मनाने माफ करून टाकावं."

फाल्क उगाच कप सरळ करायला लागला.

केर्स्टनसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, फुलांची कुंडी घेऊन आले. खालच्या ओमेबाईही आल्या. फाल्क प्लेअरपाशी उभा राहिला आणि हळूच दुसरं गाणं लावायला लागला.

"पहिल्यापासून लाव," आई म्हणाली. "पाहुण्यांना कोणी मधलाच केक वाढतं का?"

खणखणाट सुरू झाला. ओमेबाईंचा काटा तोंडापाशी थांबला. "अगंबाई, हा तर ओळखीचा वाटतो."

"भट्टीचा आहे," आई अभिमानाने म्हणाली. "अस्सल."

मग खणखणाट हळू झाला, एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि तीन गचके बसले. त्यासरशी रोझविताबाई सवयीने उठल्या, कोपऱ्यातली बादली उचलली आणि कपडे काढायला बाथरूममध्ये गेल्या. तिथे मशीन बंद होतं. रिकामी बादली घेऊन त्या परत आल्या.

"फाल्क. माझं मशीन?"

"हो."

"रविवारी?"

"हो."

त्या मटकन खाली बसल्या. फाल्कला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो केर्स्टनसाहेबांकडे वळला, पण वर बघायची हिंमत होईना.

"काका, तो मी होतो. तुम्ही विनाकारण बोलणी खाल्लीत आणि मी नाड्या बांधत राहिलो. मला लाज वाटते."

केर्स्टनसाहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तो आवाज माझ्या मशीनचा नव्हता?"

"तुमच्या?"

"सोमवारी मुलगी यायची होती, आणि चादरीवर कॉफी सांडली. म्हटलं, गुपचूप एक चादर धुऊन घेऊ. मशीन सुरू केलं आणि भिंती हादरायला लागल्या." त्यांचा आवाज बारीक झाला. "चांगलं मशीन होतं हो. दुसऱ्या दिवशी भंगारात देऊन टाकलं. तेव्हापासून टबापाशी बसून हाताने धुतोय." त्यांनी हात पुढे केले. साबणाने सोलवटले होते.

माफी नेमकी कोणाला द्यायची, या विचारात रोझविताबाई सुरी धरून बसल्या होत्या.

"म्हणजे दोघांनीही रविवारी लावलं," ओमेबाईंनी केक तोंडात टाकत नोंद घेतली.

तेव्हापासून केर्स्टनसाहेबांचं धुणं फाल्क धुतो. सोमवारी. अल्बम मात्र तुफान चालला, आणि एका सोमवारी लाइपझिगहून काळ्या कपड्यांतली पोरंपोरी पत्ता शोधत आली. अंगणात त्यांना काजळीविना फाल्क सापडला, दोरीवर लोकरीच्या लांब चड्ड्या वाळत घालताना.

"आम्हाला ती भट्टी बघायचीय," एक मुलगी भीतभीत म्हणाली. "म्हणजे तिथलं जे काही उरलं असेल ते."

वरची खिडकी उघडली.

"पाय पुसून वर या," रोझविताबाई म्हणाल्या. "बाथरूममध्ये आहे."

फाल्कच्या तोंडात चिमटे होते, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.