खांबेटे अण्णांचा उमेदवार

निवडणूक आली की आमच्या मँचेस्टरच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांतून पोस्टरं लागायची. कुणाकडे लाल, कुणाकडे निळं, कोपऱ्यावरच्या शाळामास्तरांकडे पिवळं. समोरच्या खांबेटे अण्णांच्या खिडकीत मात्र बारा महिने एकच पोस्टर. जाड मिशा, उघडी कॉलर, उगारलेली मूठ आणि खाली पोर्तुगीजमध्ये काहीतरी दणदणीत. तो माणूस ब्राझीलमधल्या एका गावात मेयरच्या निवडणुकीला उभा होता, आणि अण्णा त्याचे मँचेस्टर शाखेचे प्रचारप्रमुख होते. ही नेमणूक अर्थात त्यांची त्यांनीच केलेली.

नुसतं पोस्टर लावून गप्प बसतील तर ते अण्णा कसले! दारोदार हिंडायचे. “हा आपला ओस्वाल्दो. फाउंड्रीतला कामगार. भट्टीसमोर आयुष्य गेलंय. तुमचा पाठिंबा आहे ना?” शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस हिगिन्स दर वेळी पोस्टर निरखून म्हणायच्या, “मिशा छान आहेत हो!” अण्णा परत येऊन सांगायचे, “हिगिन्सबाई पक्क्या आपल्या.” एकदा छातीवर लाल रोझेट, म्हणजे पक्षाचं रिबिनीचं फूल, लावलेला एक कार्यकर्ता मत मागायला त्यांच्या दारात आला आणि अर्ध्या तासाने ओस्वाल्दोची दोन पत्रकं हातात घेऊन बाहेर पडला. जाताना बिचारा मला विचारत होता, “हा कुठला वॉर्ड म्हणायचा?”

मी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. म्हणजे अण्णांच्या लेखी मॅनेजमेंट. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं असेल तर शपथ. “काय गं मॅनेजमेंट, आज सुट्टी? कामगारांचं रक्त शोषून झालं वाटतं आठवड्याचं!” मी म्हणायचे, “अण्णा, मी कामगारांना झोपवते, रक्त शोषणारे वेगळे.” “तेच ते,” अण्णा म्हणायचे. “झोपवणं हेच तर मॅनेजमेंटचं काम.”

परळच्या वर्कशॉपमधून निघून साठच्या दशकात ते मँचेस्टरला आले. एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर झाले आणि वर्षाच्या आत युनियनचे प्रतिनिधी. अंगात संप भिनलेला. आमच्या मराठी मंडळाच्या सभेत ते “पॉइंट ऑफ ऑर्डर!” म्हणून उभे राहिले की मागच्या रांगेतली मंडळी निमूटपणे कोट चढवायला लागत. एका गणपतीला तर त्यांनी कहरच केला. स्वयंपाकघरात बायका सकाळपासून मोदक वळत होत्या. अण्णा आत डोकावले, “यांना टी-ब्रेक दिला का?” म्हणून गरजले आणि अध्यक्षांकडे जाऊन संपाची नोटीस देऊन आले. आम्हा बायकांना आपण संपावर आहोत हे आरतीच्या वेळी कळलं! शेवटी सुमनकाकू, म्हणजे अण्णांची बायको, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, संप मिटवा आणि नारळ खवून द्या.” अण्णांनी निमूट नारळ खवला. जगात त्यांच्याकडून माघार घेववणारी ती एकटीच.

तर हा ओस्वाल्दो अण्णांच्या आयुष्यात कसा आला, ते सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. तिकडे ब्राझीलमध्ये फाउंड्री कामगारांचा मोठा संप झाला होता, आणि पाठिंबा मिळवण्यासाठी त्यांचा एक प्रतिनिधी इंग्लंडभर फिरत होता. तो मँचेस्टरला आला. आता याची भाषा कुणाला येते? अण्णांच्या युनियन शाखेचा सेक्रेटरी एक भला गोरा माणूस होता. त्याने विचार केला, हा परदेशी, आपला खांबेटे पण परदेशी, यांचं आपसात जमेल. त्याने ओस्वाल्दोला अण्णांच्या घरी उतरवलं आणि वर सभेत दुभाष्याचं कामही अण्णांनाच दिलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा रे, मला पोर्तुगीजचं अक्षर येत नाही. अण्णा म्हणाले, “नो प्रॉब्लेम.”

ही सभेची हकिगत खुद्द काकूंच्या तोंडून ऐकावी. ओस्वाल्दो मूठ आपटून चार वाक्यं बोलायचा आणि थांबायचा. की लगेच अण्णा मूठ आपटून इंग्रजीत चार वाक्यं बोलायचे. तो आवाज चढवी, हे चढवत. तो गदगदला, हे गदगदले. असं अर्धा तास चाललं. शेवटी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि ओस्वाल्दोने अण्णांना मिठी मारली. “अहो पण तुम्हाला कळलं काय त्याचं?” काकूंनी घरी आल्यावर विचारलं. अण्णा म्हणाले, “मालक नफा खातो, भट्टी माणूस खाते, पोरांना शाळा नाही. कामगार दुसरं काय बोलणार? मी परळला हेच बोलायचो.”

त्या रात्री काकूंनी राजम्याची उसळ आणि भात केला होता. त्याच्या देशात म्हणे घरोघरी रोज हेच जेवण. पहिल्याच घासाला ओस्वाल्दोच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मी तिखट अगदी बेताचं घातलं होतं गं,” काकू मला वर्षानुवर्षं पटवून देत होत्या.

तो परत गेला, आणि कारखाना सोडून राजकारणात पडला. पडला म्हणजे अक्षरशः. मेयरला उभा राहिला, पडला. विधानसभेला उभा राहिला, पडला. पुन्हा मेयरला, पुन्हा पडला. त्याच्या पक्षाची वर्तमानपत्रं अण्णांकडे टपालाने यायची, शिळी होऊन. अण्णा डिक्शनरी घेऊन बसायचे आणि मग आम्हाला रस्त्यात अडवून तिथल्या पाणीपट्टीचा प्रश्न समजावून सांगायचे. आमच्या गल्लीतली गटारं तुंबली तर अण्णांना पत्ता नसायचा, पण ओस्वाल्दोच्या गावातल्या बसचे मार्ग तोंडपाठ.

आणि पडला की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा. हा नेमच होता. एकदा मी तिथेच होते. पलीकडून पोर्तुगीजचा धबधबा चाललेला. इकडे अण्णा खुर्चीत पुढे वाकून, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसलेले. “हं… हं… अरेरे… चालायचंच… हं.” दहा-पंधरा मिनिटं. मग धबधबा ओसरला, पलीकडचा माणूस एकदा हसला, अण्णा हसले आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“बूथवाल्यांनी घात केला.”

“अण्णा, खरं सांगा. एक शब्द तरी कळला का?”

“पडलेला माणूस काय बोलतो ते कळायला डिक्शनरी कशाला लागते?” अण्णा चिडून म्हणाले. “त्याला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. त्याच्या लोकांपुढे कसा रडेल तो? त्याला पुढारी म्हणून उभं राहायचंय ना त्यांच्यासमोर!”

मधल्या काळात अण्णांचा कारखाना बंद पडला. शाखा मोडली. संप करायला कारखानाच उरला नाही, तेव्हा कुणाविरुद्ध करणार? मुलगा सुधीर मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरमध्ये. महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायचा, घड्याळ बघत जेवायचा. इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे सगळा गोंधळ. “बाबा, ते ब्राझीलचा इलेक्शन तुझा नाही आहे. वाय डू यू केअर?” अण्णा त्याला काही बोलत नसत. हा गप्पपणा मला आवडत नसे, पण बापलेकांच्या मधे मी कोण?

मग एका फेब्रुवारीत काकू गेल्या. दोन दिवसांच्या आजाराने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. अण्णा मोडून पडतील असं आम्हाला वाटलं होतं. कुठलं काय! त्यांनी क्रिमेटोरियममध्ये सगळं कसं शिस्तीत पार पाडलं. कोण आधी बोलणार, कोण नंतर, गाड्या कुठे लावायच्या. शेवटी उभे राहून सर्वांचे आभार मानले. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, “पक्का माणूस आहे हो.” मला मात्र राग आला. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, “हा माणूस बायकोच्या जाण्याची पण सभा घेतो!”

नंतर गल्लीतली सगळीच त्यांना थोडी टाळायला लागली. मिसेस हिगिन्स वृद्धाश्रमात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या जोडप्याने अण्णांना दारातूनच “नॉट टुडे” म्हटलं. तरी ओस्वाल्दो पुन्हा मेयरला उभा राहिला तेव्हा अण्णांनी गल्ली पालथी घातली. पोस्टर नवं आलं होतं. मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला सुट्टी होती. दुपारी थालीपीठं घेऊन गेले. अण्णा इस्त्रीचा शर्ट, टाय लावून फोनशेजारी बसलेले. टीपॉयवर पेढ्यांचा डबा. मी पाय ठेवते न ठेवते तोच फोन वाजला आणि अण्णांनी पहिल्या रिंगला झडप घातली. पण तो सुधीर होता. इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. ऑफिसच्या इंटरनेटवर शोधून काढलं होतं म्हणे. “बाबा! तुझा माणूस जिंकली!”

अण्णा ताडकन उठले. “किती मतांनी?” ओरडले. सुधीरला ते काही ठाऊक नव्हतं. अण्णांनी फोन ठेवला, माझ्या हातात पेढा कोंबला आणि मी एकटी समोर असताना, हॉल भरलेला असावा तसं खड्या आवाजात भाषण ठोकलं. भट्टी, नफा, शाळा, सगळं. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. तो मिशीवाला माझाही कोण होता? पण हात थांबेनात.

मग अण्णा पुन्हा फोनशेजारी बसले. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. थालीपीठं गार झाली.

“उद्या करेल हो,” मी म्हटलं. “आज मिरवणुकीत असेल.”

“नाही करणार. आणि का करावा? घर माणसांनी भरलं असेल त्याचं.” अण्णांनी टाय सैल केला. “मला आनंद झालाय गं. खोटं नाही सांगत. त्याने जिंकावं म्हणून मी एवढी वर्षं... पण आता माझं कोण ऐकणार?”

मला उमगेना. “तुमचं?”

“सुमन गेली ना, क्रिमेटोरियममधून घरी आलो आणि त्याला फोन लावला. मराठीत बोललो. तिचं सगळं सांगितलं. किती वेळ रडत होतो, आठवत नाही. तो पलीकडून नुसता ‘सिं, सिं’ म्हणत होता, म्हणजे ‘हो, हो’. एक अक्षर कळलं नसेल त्याला. पण ठेवला नाही त्याने. आता तो मेयर. सेक्रेटरी उचलणार फोन. त्या बाईला काय सांगू?”

माझ्या जिभेवर नेहमी उत्तर तयार असतं. तेही दिलंच. “अण्णा, मी समोर राहते. मला सांगा ना. मला तर मराठी कळतं.”

“कळतं ना,” अण्णा म्हणाले. “म्हणूनच तर नाही सांगता येत.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं, कारण रडू आवरत नव्हतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. साखरेचा डबा शोधत होते, तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. हळू, माझ्याकडे पाठ करून बोलल्यासारखा.

“तिला शेवटी पाणी हवं होतं गं. नर्स म्हणाली थांबा, आणि मी थांबलो. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, आणि तेव्हा ऐकलं.”

मी भूल देणारी. पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून असं ‘थांबा’ आम्ही म्हणतो, हे मला चांगलं माहीत होतं आणि सांगताही आलं असतं. अण्णा बोलतच राहिले. चहा कधीच उकळला होता. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.