गावडे दोन फोटो मागतो

मी एकदा दोन गाठींनी मरायला निघाले होते. गाठ एकच होती.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची अल्लड मुलगी होते. कानामागे आत हरभऱ्याएवढी गाठ निघाली. जीवघेणी नव्हती, पण किरणांनी जाळायची होती. सीटी झाला, एमआरआय झाला. घरी येऊन दोन्ही फिल्मा मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या, चादरीची घडी घालताना टोकाला टोक मिळवतात तशा. गाठ दोन जागी दिसली, एक ठळक, एक पुसट. मी रडले नाही. कपाट उघडलं आणि साड्या वाटल्या. पैठणी थोरल्या सुनेला दिली. ती अजून तिच्याकडेच आहे.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर गावडे राहतो. मालवणकडचा, एकटा. हॉस्पिटलात त्याचं काम हेच, एकाच माणसाची वेगवेगळ्या मशीनवरची चित्रं कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायची. एमआरआयमध्ये गाठ नीट दिसते, सीटीत हाडं. दोन्ही जुळली की किरण कुठे सोडायचे ते डॉक्टरांना कळतं. माझ्या बाबतीत जरा सरकलं, तर कान जाणार होता.

गावडेचा एका फोटोवर विश्वास नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने गळक्या छताचा फोटो पाठवला, की हा दुसऱ्या मोबाइलवरून काढलेला मागतो. एकदा त्याला सांगून आलेल्या मुलीचा फोटो आला. याने दुसऱ्या स्टुडिओतला मागवला आणि एकावर एक ठेवून गालाची हाडं जुळवली. मुलीकडच्यांनी मग तिसरा पाठवला. तिच्या लग्नाचा.

“हाडां बघा,” हे त्याचं पालुपद. “मास हलता, हाड खोटा बोलणा नाय.”

साड्यांची बातमी ऐकून तो खाली आला. माझी काचेवरची करामत पाहून हसलासुद्धा नाही. म्हणाला, तुम्ही कागदाच्या कडा जुळवल्यात, डोकं राहिलं. एका मशीनमध्ये मान तिरकी होती, शिवाय चित्रं लहानमोठी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून त्याचा फोन आला, गाठ एकच.

मी खूश. गावडे नाही. कॉम्प्युटरने जुळवलेलं डॉक्टरांना पटलं होतं, पण याला कानापाशी किंचित फरक वाटत होता. त्याने माझे किरण एक दिवस पुढे ढकलायला लावले आणि पुन्हा पहिल्यापासून हाडावर हाड बसवलं. मी त्याला फोनवर मनसोक्त शिव्या दिल्या, मेल्या, उद्यापर्यंत धाकटी सून बांगड्या मागेल म्हणून. फरक खरंच निघाला.

गाठ गेली, कान राहिला. पुढे एकदा तो चहाला आला, तेव्हा मी विचारलं, सगळे हो म्हणत असताना तू एवढा का अडून बसलास रे?

त्याने बशीतला चहा संपवला.

“मावशी, तुमचो कान गेलो असतो, तर ह्या बिल्डिंगीत मी बोलणार कोणाशी?”