आर्वोंच्या गाडीतला पिवळा दिवा

ओस्मो केत्तुनेनने आर्वोंच्या गाडीचा शेवटचा बोल्ट आवळला, पाना पुसला आणि टायरला एक लाथ घातली. ही लाथ म्हणजे त्याची सहीच होती. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, बर्फाचा अजून पत्ता नव्हता, आणि इमारतीतल्या दोन गाड्यांवर हिवाळी टायर चढलेही होते. सकाळी त्याच्या स्वतःच्या, दुपारी आर्वोंच्या. पहिला बर्फ पडला की कुओपिओ शहरातले निम्मे लोक टायरवाल्याच्या दारात रांग लावतात आणि उरलेले निम्मे त्या रांगेकडे बघत सावकाश गाडी हाकत जातात. ओस्मो गेली एकतीस वर्षं दुसऱ्या निम्म्यात होता. आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं फारसं काही नसल्यामुळे हे तो मनापासून मिरवत असे.

"हवा बघितलीस?" आर्वोंनी बाकावरून विचारलं. ते त्र्याऐंशी वर्षांचे, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे.

"अंगठ्यानं दाबून बघितली."

"या चाकांत सेन्सर आहेत म्हणे. हवा कमी झाली की गाडीला कळवतात. मार्केतानं बसवून दिलेत, उन्हाळी चाकांतही आणि हिवाळीतही."

मार्केता म्हणजे आर्वोंची मुलगी, चार तासांवर ताम्पेरेला राहणारी. तिनेच वडिलांना ही गाडी घेऊन दिली होती.

"माझ्या गाडीत असलं काही नाही," ओस्मो म्हणाला. "वीस वर्षं झाली. काही अडलंय?"

आर्वोंनी गाडी सुरू केली, आवाराला एक फेरी मारली आणि परत येऊन काच खाली केली. "दिवा लागलाय. पिवळा. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि मधे उद्गारचिन्ह."

"लागू दे. सवय झाली की विझेल."

दिवा विझला नाही. ओस्मोने रविवारी हवा भरली, सोमवारी थोडी सोडली, मंगळवारी पुन्हा भरली. मग सेन्सरची बॅटरी संपली असणार असं जाहीर करून त्याने खिशातून काळी पट्टी काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली.

"झालं. आता नाही लागणार."

"पण गुरुवारी गाडीची वार्षिक तपासणी आहे."

"मी येतो की बरोबर."

तपासणीवाल्याने ती पट्टी नखाने सोलली. "हे काय?"

"पट्टी," ओस्मो म्हणाला.

"ते दिसतंय." त्याने चारही चाकांजवळ एक यंत्र फिरवलं. "यांच्यात सेन्सरच नाहीत. नापास. महिन्याभरात नीट करून आणा."

"नाहीत कसे? यांच्या मुलीनं दुकानातून बसवून घेतलेत."

"मग दुकानदारानं टोपी घातली असेल."

हे ओस्मोला पटकन पटलं. टायरचे दुकानदार या जमातीबद्दल त्याचं मत पहिल्यापासून हेच होतं. घरी येताच त्याने आर्वोंच्याच फोनवरून मार्केताला सगळं समजावून सांगितलं. मार्केताने ताम्पेरेच्या दुकानात जाऊन चार लोकांसमोर त्या दुकानदाराची खरडपट्टी काढली. दुकानदार तीस वर्षं धंद्यात होता. त्याला असा घाव बसला की तो दोन दिवस दुकान दुसऱ्यावर सोपवून घरी बसला. आणि मार्केताने वडिलांना फोन करून जे गेली पाच वर्षं ती म्हणत होती तेच पुन्हा म्हटलं, फक्त या वेळी जरा जोरात. बाबा, पुरे झालं. या वयात गाडीच्या मागे धावणं नको. ती विका आणि इकडे या, खोली तयार आहे.

"बघू," असं आर्वो पाच वर्षं म्हणत आले होते. या वेळी त्यांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवून ठेवली.

इथे सौनाबद्दल सांगायला हवं. तळघरात, रहिवाशांचे जास्तीचे टायर ठेवायच्या कोठाराला लागूनच, इमारतीचा सौना आहे, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आणि त्याच्या दारावर वेळापत्रक. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ, जिच्यासाठी माणसं जीव टाकतात, ती १९८७ पासून आर्वोंची. ओस्मोची मंगळवारी दुपारी चारची. मंगळवारी चारला माणूस कितीही शेकला तरी बाहेर बुधवारच उभा असतो. शनिवारच्या रांगेत ओस्मो अकरा वर्षं पहिला होता, आणि अशा रांगेत पहिलं असण्यासारखं वाईट काही नाही. आर्वोंना जिन्यात भेटल्यावर "तब्येत कशी आहे" एवढं विचारायचीही त्याला चोरी झाली होती. बरी आहे म्हणाले की आपला चेहरा पडेल, या धास्तीने तो नेहमी हवामानाबद्दलच बोलत असे.

सोमवारी आर्वोंनी त्याला जिन्यात गाठलं. "महिनाअखेर ताम्पेरेला जातो म्हणतो. कायमचा."

"आज वारा फार आहे," ओस्मो म्हणाला.

"शनिवारची सहाची वेळ तुझ्या नावावर करायला सांगितलंय. माझ्या गाडीसाठी एवढी धडपड केलीस. या शनिवारपासूनच जात जा, मी सामान आवरतोय."

ओस्मोचे पाय जमिनीवर ठरेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बर्फ पडला, आणि त्या आनंदात त्याने वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. थंडीने हवा उतरते म्हणून दाबमापक घेऊन तो आपल्या गाडीपाशी गेला आणि डाव्या पुढच्या चाकाजवळ वाकला. हवा भरायचा व्हॉल्व्ह धातूचा होता.

त्याच्या चाकांचे व्हॉल्व्ह काळ्या रबराचे. धातूचे असतात ते सेन्सरवाल्यांचे. त्याने उरलेली तिन्ही चाकं बघितली आणि तिथेच बर्फात बसला.

मग एकेक आठवत गेलं. मे महिन्यात सगळ्या रहिवाशांनी मिळून तळघर रंगवलं होतं. सगळी चाकं बाहेर काढून परत आत लावायच्या कामावर देखरेख ओस्मोची. त्याचा नि आर्वोंचा, दोन्ही जोड काळ्या रिमचे, एकाच कंपनीच्या गाड्यांचे, एकाच मापाचे. आणि खूण म्हणाल तर खडूने लिहिलेलं "डावं पुढचं", "उजवं मागचं". या देशात टायर स्वतः बदलणारा प्रत्येक माणूस चाकावर हेच लिहितो. चाक कुठे बसवायचं ते लिहितो. कोणाचं ते लिहीत नाही, कारण आपली चाकं आपल्याला ओळखू येत नाहीत असं कोण कबूल करील?

घरी येऊन त्याने बायकोला, रायलीला, सांगितलं. ती भरतकाम करत होती. टाका न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांचे सेन्सर आपल्या गाडीखाली फिरतायत."

"फिरतायत."

"आणि आपल्या गाडीला त्याचा पत्ताच नाही."

"आपल्या गाडीला कशाचाच पत्ता नसतो. म्हणून तर ती घेतली."

"मग जा आणि सांगून ये."

"सांगतो ना. महिनाअखेर झाली की."

आता मात्र रायलीने सुई खाली ठेवली. "म्हाताऱ्याला घरातून काढून तू सौनात जाऊन बसणार?"

"मी कुठे काढतोय? त्यांना काढतोय तो दिवा."

"तो दिवा तूच लावलास."

ओस्मो चार दिवस कानकोंडा होऊन वावरला. सांगावं तर एकतीस वर्षांची अब्रू धुळीला मिळणार, सौना जाणार आणि ताम्पेरेच्या त्या दुकानदाराचा हिशेब वर वेगळा. न सांगावं तर आयुष्यभर शनिवारी सहाला स्वतःबरोबर एका खोलीत बसायचं. त्याला रात्रीची झोप लागेना आणि दिवसा टायरकडे बघवेना. चौथ्या मजल्यावरच्या बाईने आपल्या गाडीला कोणते टायर घ्यावेत असं विचारलं तेव्हा त्याने "मला त्यातलं काही कळत नाही" असं उत्तर दिलं. त्याला ताप आलाय की काय म्हणून तिने रायलीला फोन केला.

शनिवारी सहाला तो सौनात गेला. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो तास. शेगडीवरचे दगड चांगले तापलेले, बसायची फळी गरम, आणि बाहेर खराखुरा शनिवार. त्याने दगडांवर एक पळीभर पाणी ओतलं. वाफ उठली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे, कोठारात, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. आर्वो खोकी आणून ठेवत होते. एक खोकं, मग दम खाणं, मग दुसरं खोकं. ओस्मोने दुसरी पळी भरली आणि तशीच बादलीत परत ओतली. शेवटचं खोकं ठेवून आर्वो जिना चढून गेले, एकेका पायरीवर थांबत, तेही त्याला ऐकू आलं.

दहाव्या मिनिटाला तो टॉवेल गुंडाळून दुसऱ्या मजल्यावर उभा होता. अंगातून वाफ निघत होती.

"आर्वो, तुमची चाकं माझ्या गाडीला आहेत. माझी तुमच्या. मीच बदलली. चुकून. मंगळवारपासून मला माहीत आहे."

आर्वोंनी खोकी बांधायची दोरी खाली ठेवली. "म्हणजे तो दुकानदार खरा होता."

"हो."

"आणि दिवाही खरा होता."

"हो. मी उद्या सगळं जागच्या जागी करतो. तुम्हांला कुठे जायची गरज नाही."

आर्वोंनी दार पूर्ण उघडलं. "आत ये," ते म्हणाले. "कॉफी ठेवतो. इथे उभा राहिलास तर गारठशील."

रविवारी ओस्मोने आठही चाकं उतरवली आणि चढवली. लाथ कोणालाच मारली नाही. दोन किलोमीटर गेल्यावर आर्वोंच्या गाडीतला पिवळा दिवा गुपचूप विझला. ओस्मोने ताम्पेरेच्या दुकानदाराला फोन करून माफी मागितली. त्याने ती पुन्हा एकदा, सावकाश, सगळ्या कामगारांना ऐकू जाईल अशी मागायला लावली. मंगळवारी दुपारी दोघं तपासणीला गेले. यंत्र फिरलं, शिक्का पडला.

"गाडी ठणठणीत आहे," तपासणीवाला म्हणाला. "आणखी पाच वर्षं सहज चालेल."

"पाच," आर्वो म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते चाळीसच्या वेगाने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होते. मागे सात गाड्या साठल्या होत्या.

"तुम्हांला आनंद झाला नाही का?" ओस्मोने शेवटी विचारलं.

"मला गाडी चालवायची भीती वाटते," आर्वो म्हणाले. "दोन वर्षं झाली. जिनाही आता चढवत नाही. मार्केताकडे जायचं मनात होतं. पण पाच वर्षं नाही नाही म्हटल्यावर आता हो म्हणायला तोंड कुठाय? आणि गाडीची किल्ली कोणी आपण होऊन देतं का? तो दिवा लागला तेव्हा मला बरं वाटलं. गाडी नापास झाली होती. मी नव्हतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू टॉवेल लावून दारात उभा होतास. खरं बोलत होतास. मधे कसं तोंड घालणार?"

"अजून काय बिघडलंय? मार्केताला फोन करून येतो म्हणा."

"केला होता. आधी चाकांची हकिकत सांगितली. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, मी तुम्हांला उगाच म्हातारं समजले, आता पुन्हा कधी तुमच्या मागे लागणार नाही." आर्वोंनी सुस्कारा सोडला. "शब्दाची पक्की आहे ती. आईवर गेली आहे."

आवारात शिरून त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात गाडी जागेवर लावली आणि किल्ली काढली.

"शनिवारची वेळ मग माझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे."

"एप्रिलमध्ये उन्हाळी टायर चढवायला तूच ये."

"येतो."

"आणि तेव्हा," आर्वो समोरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "घोळ झाल्याचं कळलं तरी लगेच वर सांगायला येऊ नकोस."

ओस्मो थेट तळघरात गेला. त्याच्या आणि आर्वोंच्या उन्हाळी चाकांचे दोन जोड शेजारी शेजारी रचलेले होते. चार "डावं", चार "उजवं". पुन्हा असा घोळ नको म्हणून प्रत्येक चाकावर ठळक नाव घालायचं त्याने रविवारीच ठरवलं होतं आणि त्यासाठी नवा खडूही आणला होता. खडू हातात धरून तो उभा राहिला. शेजारच्या सौनाच्या दारावर वेळापत्रक होतं, आणि घड्याळात मंगळवारच्या चारला दहा कमी होते. त्याने खडू तसाच खिशात टाकला आणि टॉवेल आणायला वर गेला.