म्हातारीला तीन दिवस अंधार

समुद्र सांभाळणं अवघड असतं म्हणे. मी तो हॉलच्या कोपऱ्यात, सोफ्याशेजारी सांभाळतो! खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, त्यात जिवंत प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी पाण्यातल्या क्षारांवर व्याख्यान द्यायचो. हल्ली लोक कमी येतात, ते सोडा.

तर या समुद्रात शेवाळं झालं. आधी एका दगडावर नुसती हिरवी लव होती. बघता बघता लांब हिरव्या बटा सगळ्या प्रवाळांवर लोंबू लागल्या आणि मासे दिसेनासे झाले.

बायकोने शांतपणे जाहीर केलं, "रविवारी मला या काचेतून मासे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर टाकी विकायची. त्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन येईल."

बायको शांतपणे बोलली की ते करतेच. तरी मी छाती फुगवून म्हणालो, "शेवाळं ते काय! चुटकीसरशी घालवतो!"

आणि मासे विकणाऱ्या दुकानदाराला टाकीचा फोटो पाठवून गॅलरीतून फोन लावला.

"फोटो बघितला साहेब," तो म्हणाला. "म्हातारी आहे ही! केस बघा की तिचे. आम्ही दुकानात हिला म्हातारीच म्हणतो."

धंद्यातला असा एखादा शब्द हाती लागला की माणूस उगाच जाणकारासारखा बोलू लागतो. मीही खणखणीत आवाजात सुरू झालो.

"अहो, ही म्हातारी आली तेव्हा कोपऱ्यात गप्प पडून होती! आता सगळं व्यापून बसलीय! काय? तीन दिवस खायला बंद? आणि अंधारात ठेवायची? जाड चादर टाकून? बरं, तरी नाही गेली तर? हातांनी उपटायची! वा! रविवारच्या आत गेली पाहिजे हो, बायको मागे लागलीय!"

गॅलरीला लागून असलेल्या खोलीची खिडकी उघडी होती. त्या खोलीत बायकोच्या आत्या राहत होत्या. गुडघ्याच्या उपचारासाठी आल्या होत्या आणि गुडघा बरा झाल्यावरही आम्हीच त्यांना ठेवून घेतलं होतं. मी फोन ठेवून थेट त्यांच्याच खोलीत शिरलो, कारण घरातली सगळ्यात जाड काळी चादर त्यांच्या पलंगावर होती.

"आत्या, ही चादर लागेल हं मला."

"कशाला, जावईबापू?"

"अंधार करायला! आता तीन दिवस हॉलमधला दिवा लावायचा नाही. आणि खायला तर अजिबात नाही!"

"भाचीला ठाऊक आहे हे?" आत्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तिलाच तर घाई झालीय!"

मी शीळ घालत टाकीवर चादर बांधली. आत्या माशांसाठी इतक्या हळव्या असतील असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या.

"बसा ना काकू!"

"या अंधारात?" असं म्हणून त्या माझ्याकडे जळजळीत कटाक्ष टाकत तडक आत्यांच्या खोलीत गेल्या. मागोमाग बायको ऑफिसातून धापा टाकत आली.

"माझ्या आत्याला उपाशी ठेवतोस? तिने काकूंना सांगितलं, त्यांचा फोन आला म्हणून कळलं!"

"मी? आत्यांना?"

तेवढ्यात आत्याच बाहेर आल्या, मागे डबा घेऊन काकू. आत्यांच्या हातात बॅग, डोळे भरलेले.

"भांडू नका रे. मी जाते आपली. हातांनी उपटायची वेळ कशाला आणायची?"

नेमका तेव्हाच फोन वाजला. अंधारात चाचपडताना माझं बोट स्पीकरवर पडलं आणि दुकानदाराचा आवाज हॉलभर घुमला, "काय साहेब, मेली का म्हातारी?"

काकूंच्या हातातून डब्याचं झाकण पडलं. मी धावत जाऊन दिवा लावला आणि चादर ओढून काढली.

"ही! ही म्हातारी! केस बघा हिचे!"

आत्यांनी हिरव्या बटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"चादर काढली? मग तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून!" फोन बोलतच होता. "आणि ऐका, ही उगाच माजत नाही. घरातलं कोणीतरी माशांना चोरून खायला घालतंय. उरलेलं कुजतं, त्यावर ही पोसते."

आत्यांनी बॅग हळूच खाली ठेवली.

"दुपारी मी इथे बसते ना, तेव्हा ती दोघं माझ्याकडे बघून तोंड उघडतात. दोन चिमटी घालते." मग बोटं मोजून त्या म्हणाल्या, "बरं, चार."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण बॅग घेऊन उभ्या असलेल्या आत्या डोळ्यांपुढून हलेनात. मला स्वतःचीच फार लाज वाटली.

रविवारी टाकीवर चादरच होती. मासे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बायको टेप घेऊन कोपरा मोजायला आली, तर आत्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या!

"म्हातारी आहे म्हणून कोणी कोणाला घरातून काढत नाही," त्या म्हणाल्या.

बायको टेप गुंडाळू लागली. शिलाई मशीन माझ्या टेबलावर आलं. हे मी इस्त्रीच्या फळीवर लिहितोय.

माशांच्या खाण्याचा डबा आत्यांनी त्याच दिवशी माझ्या स्वाधीन केला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. आमच्याकडे म्हातारी काही मेली नाही, सोकावलेत ते मासे! काल घरात कोणी नव्हतं. दोघांनी माझ्याकडे बघून अशी तोंडं उघडली की राहवेना. दोनच चिमटी घातल्या हो.

बरं, चार!