फळीवरचे सासरे

शनिवारी सकाळी लिफ्टवाल्याने फळीवरची वजनं उतरवली, वरचं प्लास्टिक सोलून काढलं आणि फळीतून त्याचे सासरे त्याच्याकडे बघू लागले.

सासरे तीन वर्षांपूर्वी वारले होते.

त्याने चष्मा पुसला. सासरे गेले नाहीत, उलट जास्त स्पष्ट झाले.

झालं होतं ते असं. लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करत असे. पंचवीस वर्षं त्याने लोकांच्या वर-खाली जाण्याची काळजी घेतली. पन्नाशी आली तेव्हा त्याला एकदा तरी सरळ पुढे जावंसं वाटलं. समुद्रात, लाटेवर, उभं राहून. आठ महिने खपून त्याने स्वतःचा सर्फबोर्ड बनवला. आत हलका फोम, वर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा जाड कागदाएवढा काप. दुकानदाराने एकाच खोडाची लागोपाठची दोन पानं दिली, सतरा आणि अठरा नंबरची.

"पुस्तकासारखी उघडून शेजारी शेजारी चिकटवा. डावीकडची रेघ उजवीकडे उलटी येते. पण आधी दोन्ही उघडून ओलं फडकं फिरवा. कोरडं लाकूड काही बोलत नाही."

लिफ्टवाल्याने सतराचा एक कोपरा ओला करून रंग पाहिला. अठराकडे बघितलंच नाही, तसंच दोन्ही चिकटवून वर प्लास्टिक आणि वजनं ठेवली. दोन्ही सारखीच तर होती.

सारखीच होती. सतरावर अर्धे सासरे होते, अठरावर उरलेले अर्धे.

दोन गाठींचे दोन डोळे. मधल्या शिवणीवर नाक. खाली गडद शिरांची मिशी. सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक होते आणि जावयाकडे बघताना कायम एक भुवई वर करत. जुळणीमुळे आता दोन्ही वर गेल्या होत्या.

बायको हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे बाबा."

"लाकूड आहे ते."

"बाबांना लाकूड म्हणू नका."

"मी लाकडाला लाकूड म्हणतोय!"

"उद्या यावर उभे राहणार तुम्ही? पाय कुठे ठेवणार, दाखवा."

त्याने दाखवलं. मागचा पाय हनुवटीवर येत होता. पुढचा कपाळावर.

बायकोने खडू आणून चेहऱ्याभोवती रेघ ओढली. "याच्या बाहेर कुठेही उभे राहा. माझी ना नाही." बाहेर, फळीच्या शेपटाकडे, वीतभर जागा उरली. तिथे एक चप्पल राहिली असती. माणूस नाही.

उपाय पहिला, घासणे.

बारीक पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासल्यावर सुरकुत्या गेल्या. "थांबा," बायको म्हणाली, "आता माझ्या लग्नातले दिसतायत," आणि तिला रडू आलं. व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरचं. आणखी घासलं तर थेट फोम. तो थांबला.

उपाय दुसरा, गडद रंग.

गडद शिरा रंग जास्त प्यायल्या. मिशी दाट झाली.

तिसरा उपाय आपल्या पायांनी दारात आला. मेहुणा. बहिणीने फोन केला होता.

"ताई, बाबांची एकच भुवई वर असायची," तो फळी न्याहाळत म्हणाला.

"मग दुसरी झाक आणि बघ."

त्याने तळहाताने झाकली. बघितलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं.

"भाऊजी, ही दिवाणखान्यात लावायची. उभी. स्क्रू मी आणतो."

"अरे, ती पाण्यासाठी आहे. आठ महिने गेलेत माझे."

"म्हणजे बाबांना मेण चोपडणार तुम्ही?"

पाय घसरू नये म्हणून मेण खरंच चोपडावं लागतं. लिफ्टवाल्याने मेणाची वडी हळूच खिशात सरकवली.

"आईला विचारू," बायको म्हणाली. "ती सांगेल तसं. भिंत तर भिंत."

सासूबाई दुपारी आल्या. भिंतीला टेकवलेल्या फळीसमोर त्यांनी खुर्ची मागितली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. तिघं बाहेर उभे राहिले.

"कान काय लावताय?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"लावलेला नाही. दार पातळ आहे."

आतून एकट्या सासूबाईंचा आवाज येत होता. मध्ये थांबत होत्या, समोरच्याला उत्तर देता यावं इतपत.

"नाही."

थांबल्या.

"ते तेव्हा."

थांबल्या.

"आता मी बोलतेय."

"बाबांशी असं कुणी बोलत नसे," मेहुणा कुजबुजला.

"आईसुद्धा नाही," बायको म्हणाली.

दार उघडलं.

"जावईबापू, ही बुडते का?"

"नाही, आई."

"माणूस बसला तरी?"

"एक माणूस आरामात."

"मग उद्या किती वाजता निघायचं?"

सकाळपासून लिफ्टवाल्याच्या छातीवर बसलेलं ओझं उतरलं. ते रविवारी सकाळपर्यंत उतरलेलं राहिलं.

रविवारी समुद्र शांत होता, लाटा गुडघ्याएवढ्या. फळी चादरीत गुंडाळून आणली होती, बायकोच्या हट्टाखातर. मांडीभर पाण्यात लिफ्टवाल्याने ती सोडली आणि पाय उचलला. एवढ्यात मागून सासूबाई आल्या. त्यांनी चप्पल काढून मुलाकडे दिली होती. त्या फळीवर बसल्या. बरोबर मधोमध, नाकावर.

"आई! अगं, बाबा..." बायकोने किनाऱ्यावरून हाक मारली.

"माहितीये कुठे बसलेय."

"पण..."

"एकेचाळीस वर्षं यांनी मला समुद्र वाळूवरून दाखवला. पाण्यापासून वीस पावलं. स्वतः मोजायचे आणि मग माझ्याकडून मोजून घ्यायचे." त्यांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या. "ढकला, जावईबापू."

त्याने ढकललं. लाट आली, फळी उचलली गेली, आणि सासूबाई ओरडल्या. घाबरून नव्हे. फळी त्यांना घेऊन सरळ किनाऱ्यापर्यंत गेली आणि वाळूत रुतली.

त्या निथळत उठल्या. वाकून फळीवरची वाळू हाताने झटकली. "बघितलंत?" त्यांनी खाली विचारलं. उत्तराला वेळ दिला. मग जावयाकडे वळल्या.

"यावर उभं राहायला मला कधी शिकवताय?"

"आई, मीच अजून उभा राहिलेलो नाही."

"मग आधी तुम्ही शिकून या," सासूबाई फळी काखेत मारायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या तरी फळीवर."