कुंकू लावलेला प्रोजेक्टर

एका जंगलात, बाळांनो, एक प्रोजेक्टर राहत होता. राहत होता असंच म्हणायचं, कारण चालत तो नव्हता.

जंगलाच्या मधोमध एक रिकामा बंगला होता. पूर्वी तिथे एक साहेब राहायचा. त्याला घरगुती सिनेमा काढायची हौस. जाताना तो बंगला ठेवून गेला, वीज ठेवून गेला आणि प्रोजेक्टरही ठेवून गेला. सोबत एकच फिल्म, चार मिनिटांची.

प्रोजेक्टर चालवायचा तो सुबराव साळिंदर. सुबराव कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते फार हळू. त्याचं बोलणं संपेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. मशीनला मात्र घाई नसायची. त्यामुळे दोघांचं जमायचं.

पुढे जंगलात वारसा समिती झाली. मोर अध्यक्ष झाला. समितीने ठरवलं की एवढी मोलाची वस्तू वापरू नये. वापरली की झिजते. त्यापेक्षा तिची पूजा करावी. मग दर खंडेनवमीला, हत्याराअवजारांची पूजा होते त्या दिवशी, मशीनला तेल, हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची माळ.

अशी चौदा वर्षं गेली. चौदा वर्षांत मशीन तिळाएवढंही झिजलं नाही.

पंधराव्या वर्षी तान्हाक्का वानरी समितीपुढे आली. तिचा नवरा वीज पडून गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

"मला फिल्म बघायची आहे," ती म्हणाली. "त्यात हे आहेत."

"पुढच्या वर्षी बघू," मोर म्हणाला.

"घुबडवैद्य म्हणतो, दिवाळीपर्यंत माझे डोळे जाणार. पुढच्या वर्षी मी काय बघू, तुमची पिसं?"

मोराने पिसारा मिटला. समितीने मंजुरी दिली.

बटण दाबलं. मशीन घूं घूं करू लागलं, पण चाक काही फिरेना.

"पूजेत काहीतरी कमी राहिलं," मोर म्हणाला. आणखी एक नारळ फोडला. पाणी मशीनवर शिंपडलं. आता घूं घूंसुद्धा बंद झालं.

मग नदीपलीकडून तज्ज्ञ बोलावला. तो तरस होता. तरस आधी हसला, मग त्याने मशीन पाहिलं.

"हे गेलं. नवीन आणा," तो म्हणाला. "ह्याचं स्मारक करा. उद्घाटनाला मी येईन."

सुबराव कोपऱ्यात बसून होता. तो पुढे झाला. त्याने मशीनला कान लावला, वास घेतला.

"मेलेलं नाही," तो म्हणाला. "गुदमरलंय. आधी वाळवायचं. मग हे तेल, कुंकू... पुसायला लागेल."



"पुसायचं?" मोर म्हणाला. "लावलेलं कुंकू? सुबराव, शुद्धीवर आहेस ना?"

खरं होतं त्याचं, बाळांनो. त्या जंगलात लावलेलं कुंकू कोणी पुसत नसे. ते एकदाच पुसलं जाई, आणि ते का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुबरावने फडक्याकडे पाहिलं. त्याचाही हात उचलेना.

तान्हाक्का उठली.

"आण इकडे ते फडकं," ती म्हणाली. "ह्यांच्यापायी माझं पुसलं. ह्यांनाच बघायचंय, तर त्याचंही मीच पुसते."

समितीने तोंडं फिरवली. मग ठराव केला की समितीने हे पाहिलेलं नाही. ठराव एकमताने झाला.

मशीन दोन दिवस उन्हात वाळलं. मग सुबरावने स्वतःच्या पाठीचा एक काटा काढला आणि त्याने मशीनचं झाकण उघडलं. आत तेलाचा काळा डिंक झाला होता. त्यात अक्षता चिकटल्या होत्या, आणि चौदा वर्षांचे झेंडू. रबरी पट्टा गुळासारखा पाघळला होता. कंदिलातलं रॉकेल घेऊन तान्हाक्काने एकेक चाक पुसलं. सुबरावने वाखाचा नवा पट्टा वळला.

तो फिल्म लावेना, नुसतंच मशीन फिरवून बघत बसला. दिवा फार तापतो. फिल्म त्याच्यासमोर अडकली की क्षणात भोक पडतं. आणि फिल्म एकच होती.

"भिऊ नकोस, भाऊ," तान्हाक्का म्हणाली. "जळली तर मला दाखवायला तरी काय राहील? मग डोळे गेले काय आणि राहिले काय."

"हे... धीर देणं झालं का, आक्का?" सुबराव म्हणाला.

भर दुपारी खिडक्यांना गोणपाट लावलं. सुबरावने फिल्म ओवली. दिव्याच्या वर थोडी सैल सोडली, खाली थोडी सैल सोडली.

"ही ढिलाई कशाला?" मोर म्हणाला. "समितीच्या कार्यक्रमात सगळं ताठ पाहिजे."

"ताठ ओढली... तर तुटते," सुबराव म्हणाला. "चालणाऱ्या वस्तूला... जरा..."

तोपर्यंत मोर भाषणाला निघून गेला होता.

चाक फिरलं. खडखड, खडखड. भिंतीवर एक वानर आला. त्याने आंबा सोलला. अर्धा खाल्ला. मग कोणीतरी हाक मारल्यासारखं मागे वळून पाहिलं, उरलेला आंबा तोंडात कोंबला आणि कोय साहेबाच्या अंगावर फेकली. फिल्म संपली.

"अर्धा माझ्यासाठी ठेवला होता म्हणाले होते!" तान्हाक्का म्हणाली. ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. "हाक मीच मारली होती. परत लाव, भाऊ."

सुबरावने नऊ वेळा लावली.

बाहेर मोराचं भाषण चाललं होतं. चौदा वर्षांच्या पूजेला आज फळ आलं, असं त्याने सांगितलं. टाळ्या झाल्या. यापुढे पूजा दर महिन्याला करायचं ठरलं, आणि तेल दुप्पट. कुठलं कोण जाणे, एक रॉकेलचा वास येणारं फडकं मशीनजवळ सापडलं होतं. त्यालाही कुंकू लावून शेजारी ठेवलं.

दिवाळीआधी तान्हाक्काचे डोळे गेले.

पण दर महिन्याला पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, समिती जेवून आडवी झाल्यावर, सुबराव तिचा हात धरून बंगल्यात नेतो. ती चाचपडत चाकं पुसते. पुसायला डोळे लागत नाहीत. मग तो फिल्म लावतो आणि ती खडखड ऐकत बसते.

"आता आंबा सोलला ना?"

"सोलला."

"आता बघ, वळतील."

"वळला," सुबराव हळूच म्हणतो. इथे त्याला कोणी सोडून जात नाही.

तात्पर्य: बाळांनो, पूजेनेच मशीन चालतं. फक्त झालेली पूजा दुसऱ्या दिवशी नीट पुसून काढावी, आणि हे समितीला सांगू नये.